नीळ आणि कोसा

टाइल्सच्या दुकानात आईला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली आणि मला सल्ला. दुकानदारानं भिंतीला टेकवलेली एक फळी पुढे ओढली. तिच्यावर वर फिकट पिवळसर, खाली फिकट निळी आणि मधे दोन्ही रंगांच्या लाटा काढलेली अशा तीन टाइल्स चिकटवल्या होत्या. त्यांच्या भाषेत लाइट, डार्क आणि हायलायटर. ‘‘मॅडम, सध्या हेच चालतंय. बेज-ब्लू. एकदम थंड वाटतं बघा.’’ मग म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून तो आईकडे वळला. ‘‘आजी, आवडला का निळा?’’

आईनं चष्मा वर ढकलला, पुन्हा खाली आणला, खुर्चीतून पुढे वाकली.

‘‘निळा कुठे आहे याच्यात? सगळं एकच तर दिसून राहिलं.’’

दुकानदार हसला. मीही हसले. आई नागपूरहून पुण्याला माझ्याकडे राहायला येऊन तेव्हा चार महिने झाले होते, आणि पुण्यातल्या कुठल्याही गोष्टीत तिला काही दिसत नाही हे मी गृहीतच धरलं होतं. इथल्या उन्हाला ऊन म्हणायला ती तयार नव्हती. निळ्याला निळा म्हणत नाही, तर तेही त्यातलंच.

न्हाणीघर बदलायचं ठरलं ते तिच्यामुळे. एके सकाळी तिचा पाय सरकला. ती पडली नाही, कारण तिनं नळ धरला. नळ तीस वर्षांचा होता, तो हातात आला. कमरेला ओला टॉवेल आणि हातात पितळी नळ घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘हे घे तुझं.’’ मागे पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळत होती. सोसायटीच्या वॉचमननं गच्चीवर जाऊन कॉक बंद करेपर्यंत बेडरूमच्या गादीखाली पाणी गेलं होतं. हाड मोडलं नाही, नळावर निभावलं, असं मी सगळ्यांना फोनवर सांगत राहिले. रात्री मात्र झोप लागली नाही.

आमचं जुनं न्हाणीघर निळंच होतं. १९९३ साली फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं दोनच पर्याय दिले होते, गुलाबी किंवा आकाशी. आठ बाय आठ इंची चकचकीत टाइल्स, साडेचार फुटांपर्यंत, वर डिस्टेंपर. आम्ही आकाशी घेतला. नव्या नवलाईत मी त्या टाइल्स वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसायचे. मग सोसायटीची बोअर झाली. बोअरचं पाणी जड. नळाखाली पहिल्यांदा एक भुरकट ओघळ दिसला तो मी घासून काढला. दुसऱ्या वर्षी तो घासूनही राहिला. नंतर बादलीच्या उंचीवर एक आडवी रेघ उमटली, मग टाइल्सच्या सांध्यांमधून रंग पसरत गेला, आणि पंधराएक वर्षांत गुडघ्यापर्यंतची भिंत धड निळी राहिली नाही. अ‍ॅसिड टाकून पाहिलं. डाग गेले तसे सांध्यांतलं सिमेंटही गेलं आणि तिथून पाणी खालच्या मजल्यावर उतरायला लागलं. त्यावरून खालच्या कुटुंबाशी बोलणं बंद झालं, ती वेगळी कथा आहे, ती इथे नको.

सांगायचं एवढंच की दुकानदार मला जे बेज-ब्लू म्हणून दाखवत होता ते आमच्या घरी आधीच होतं. त्यातल्या निळ्याचे पैसे मोजले होते. दुसरा रंग बोअरच्या पाण्यानं, फुकट, रोज थोडा थोडा करून लावला होता.

बेजला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. मातकट म्हटलं तर पैसे देऊन कोण घेईल? गव्हाळ म्हटलं की वधूवर सूचक मंडळाची वही उघडल्यासारखं वाटतं. बदामी थोडा तांबूस, मोतिया फारच गोरा. खाकीचा मूळ अर्थ फारसीत धुळीच्या रंगाचा, म्हणजे अगदी हाच, पण तो शब्द पोलिसांनी नेला तो नेलाच. मांजरपाट जवळपास पोचतो. आमच्या लहानपणी गाद्यांच्या खोळी, शाळेच्या नाटकातले पडदे आणि धाकट्या भावंडांचे लंगोट मांजरपाटाचे असत. धुऊन, उन्हात वाळून तो पांढरा होत जाई. पण बाथरूमला मांजरपाटी रंग दिला असं सांगितलं तर लोक सहानुभूतीनं बघतील. टाइल्सवाल्यांनी यातून सरळ मार्ग काढलाय. ते आयव्हरी म्हणतात आणि पेटीवर तेच छापतात.

नमुन्याचा तुकडा आम्ही घरी आणला. खिडकीजवळ बसून आईनं तो मांडीवर घेतला, त्यावरून बोटं फिरवली, उजेडाकडे तिरका धरला. टाइल चकचकीत नव्हती. मॅट होती आणि तिच्यात बारीक आडवी वीण होती, ओल्या पायाला पकड यावी म्हणून.

‘‘हा तर कोसा आहे,’’ ती म्हणाली.

माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातलं. तिकडे कोसा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पुण्यात सांगावं लागतं, टसर म्हटलं की मग कळतं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे कोष उकळून काढलेलं हे रानरेशीम. आंधळगाव-मोहाडीकडचे विणकर ते विणतात. रेशीम म्हटल्यावर जी झळाळी डोळ्यांपुढे येते ती त्याला नसते. कोष जसा तसा धागा, कधी मधाकडे झुकणारा, कधी वाळल्या गवताकडे. न रंगवता विणला तरच त्याला खरा कोसा म्हणायचं, असं आईचं मत आहे आणि या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पुढे कधीतरी शब्दकोशात पाहिलं तर बेज हा फ्रेंच शब्दही मुळात न रंगवलेल्या लोकरीचा निघाला. मेंढीच्या अंगावर जो रंग होता तो. म्हणजे तिकडे लोकर आणि इकडे कोसा. आईनं शब्दकोश न उघडता बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं.

माझ्या आजीचं कोशाचं लुगडं न्हाणीबाहेरच्या वलणीवर असायचं. उंच, काठीनंच काढायचं, कुणी शिवायचं नाही. पहाटे चुलीवर तापलेलं पाणी घंगाळात ओतायचं, त्यात विहिरीचं विसण घालायचं, आणि आजी न्हाणीत शिरली की आतून पाण्याचा आणि स्तोत्राचा आवाज एकत्र यायचा. ओलेत्यानं बाहेर येऊन ती काठीनं लुगडं खाली घ्यायची. स्वयंपाक होईपर्यंत तिच्याजवळ जायचं नाही. मला ते सोवळं कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही. कोण कोणाला शिवायचं नाही याचे नियम त्या लुगड्याच्या फार पलीकडे, गावाच्या वेशीपर्यंत जायचे. पण अंधाऱ्या मागच्या पडवीत, धुरानं काळवंडलेल्या तुळयांखाली, नुसत्या त्या एका कापडातून उजेड आल्यासारखा दिसायचा, हे खोटं कसं सांगू?

आणि न्हाणीच्या भिंती निळ्या होत्या. दसऱ्याआधी घराला चुना लागायचा. भिजवलेल्या चुन्यात थोडा डिंक आणि मूठभर नीळ. पुढच्या खोल्यांना नीळ बेतानं, चुना पांढराफेक दिसण्यापुरती. शेवटी उरलेल्या चुन्यात उरलेली सगळी नीळ जायची आणि तो न्हाणीला लागायचा. त्यामुळे घरातली सगळ्यात दुर्लक्षित जागा सगळ्यात निळी. ओली झाली की भिंत गडद व्हायची, दुपारी वाळून पुन्हा फिकी. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे दगडावर बसून तांब्यातांब्यानं भिंत भिजवायचे. मोठा चमत्कार वाटायचा. पाणी नासल्याबद्दल मार बसायचा.

ही नीळ झाडाची नाही. नाव झाडाचं घेतलंय एवढंच. धुण्याची नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, आणि अल्ट्रामरीन म्हणजे एके काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून निघणारा लाजवर्द दगड कुटून केलेला रंग. युरोपातले चित्रकार तो सोन्याच्या तोलामोलानं घ्यायचे आणि मेरीच्या वस्त्रापुरता जपून वापरायचे. १८२४ साली फ्रान्समध्ये हा रंग स्वस्तात तयार करून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. ते १८२८ साली ज्याँ-बाप्तिस्त गिमे याला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक, कोळसा एकत्र भाजून त्यानं दगडाशिवाय तो निळा काढला. त्याच्या मुलानं, एमिल गिमेनं, या रंगाच्या कारखान्याच्या पैशांतून आशियातल्या मूर्ती आणि चित्रं जमवून संग्रहालय काढलं. पॅरिसमध्ये ते आजही आहे. तिथल्या बुद्धांच्या शांत चेहऱ्यांमागे निळीचा व्यापार उभा आहे, हे वाचलं तेव्हा मला आधी आजीची न्हाणी आठवली. मेरीच्या पदराचा रंग आमच्याकडे उरलेल्या चुन्यात जात होता.

निळीचं काम कपडा निळा करणं नाही. पांढरा कपडा धुऊन धुऊन पिवळा पडतो. त्या पिवळ्यावर अगदी हलका निळा चढला की डोळ्याला तो पांढरा वाटतो. वडिलांची धोतरं आई अशी काढायची. फडक्यात नीळ बांधून पाण्यात दोनदा फिरवायची, पाणी हातानं ढवळायचं, मग कपडा बुडवायचा. नीळ सरळ पाण्यात टाकली तर ठिपके पडतात. जास्त झाली तर धोतर आकाशी होतं आणि चारचौघांत हसं होतं. आमच्या आळीत कुठल्या घरची सून नवीन आहे हे दोरीवरच्या धोतरांवरून कळायचं.

तर असं सगळं असताना आई म्हणत होती की तिला निळा दिसत नाही. आणि मी हसले होते.

नमुने मी फोनमध्ये टिपून घेतले होते. रात्री सहज चाळा म्हणून त्या फोटोतला रंग काढून तो कृष्णधवल केला. तीनही तुकडे एकाच राखाडी रंगाचे झाले. लाइट, डार्क, हायलायटर, काही फरक नाही. मी फोन उताणा ठेवला. माझी ट्यूब फार उशिरा पेटते. आई खरंच सांगत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. पिकणं हा शब्द त्यांनीच वापरला आणि तो किती नेमका आहे हे तेव्हा जाणवलं. डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळं पडत जातं, पुढे तपकिरी. पिवळ्या काचेतून बाकीचे रंग थोडेफार येतात, निळा अडतो. त्यामुळे फिका निळा राखाडी होतो, गडद निळा काळा. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. कुणी एका सकाळी निळा चोरून नेला असता तर आरडाओरडा झाला असता. रोज एक चिमूट गेला तर कोण तक्रार करणार? म्हणजे आमच्या भिंतीवर बोअरच्या पाण्यानं जे केलं तेच आईच्या डोळ्यात तिच्या ब्याऐंशी वर्षांनी केलं होतं. मातकट आपसूक चढतो. निळा घालावा लागतो.

शस्त्रक्रियेची तारीख दीड महिन्यानं मिळाली. न्हाणीघर तोवर थांबणार नव्हतं. म्हणून मी रंग पुन्हा निवडले, या वेळी आईच्या आत्ताच्या डोळ्यांसाठी. कोसा ठेवला. आकाशी गेला. त्याच्याऐवजी दौतीतल्या शाईसारखा गडद निळा आणला, जो तिला काळा दिसला तरी चालेल, पण दिसेल. खाली जमीन कोशाची, तीन भिंती कोशाच्या, आणि जिथे ती स्टुलावर बसणार त्याच्या मागची चार फुटी भिंत तेवढी निळी, कारण धरायचा स्टीलचा दांडा तिच्यावर बसणार होता. फिक्या भिंतीवर स्टीलचा दांडा म्हाताऱ्या डोळ्यांना भिंतीत विरघळून जातो. गडद भिंतीवर तो चमकतो. उंबरा अर्ध्या इंचावर आणला आणि त्याच्या कडेलाही तीच निळी पट्टी. दुकानदाराला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘म्हणजे हायलायटर नको?’’ नको म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. लाटांचा साठा त्याच्याकडे फार असावा.

न्हाणीघर ते केवढं? सात बाय चार. जमीन २८ चौरस फूट, भिंती सात फुटांपर्यंत धरून दार-खिडकी वजा जाता १३५. त्यात तूटफूट दहा टक्के. मिस्त्रीनं हा हिशोब सिगारेटच्या पाकिटावर केला आणि तो पैशापर्यंत बरोबर आला. ‘‘ताई, सगळा माल एकाच बॅचचा घ्या,’’ त्यानं बजावलं. ‘‘नंतर चार कमी पडल्या तर तोच नंबर मिळेल, तोच रंग मिळणार नाही.’’ भट्टीतून निघणारा रंग दर खेपेला जरा हलतो. एकाच आईच्या पोरांसारखा, असं तो म्हणाला.

पेट्या मोरबीहून आल्या होत्या. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स तिथूनच येतात. मच्छू नदीचं धरण ऑगस्ट १९७९मध्ये फुटलं आणि या गावातून पाण्याचा लोंढा गेला. ती बातमी मी शाळेत असताना रेडिओवर ऐकली होती. त्याच गावच्या मातीवर आता आम्ही रोज दोन बादल्या पाणी सोडणार. टाइलवरचा रंगही हल्ली छापतात, कागदावर छापतात तसा, फक्त शाई भट्टीत टिकणारी लागते. त्या यंत्राच्या शायांमध्ये बेज नावाची एक स्वतंत्र शाई असते, आणि निळी असते ती कोबाल्टची.

कोबाल्ट ही या सगळ्यातली खरी मातब्बर गोष्ट. हजार-बाराशे अंशांच्या आगीत बहुतेक रंग मरतात. कोबाल्टचा निळा उलट काचेत विरघळून खुलतो. म्हणून चीनची भांडी निळी, डेल्फ्टच्या टाइल्स निळ्या, आणि पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या भिंतीही निळ्या. मी त्या पाहिल्यात. १९३५ साली जोर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकारानं कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग टाइल्सवर रंगवले, जहाजं, दाढीवाले दर्यावर्दी, खवळलेला समुद्र. बाहेर पणजीचा ओला उकाडा आणि आत हा निळा गारवा. पोर्तुगीजमध्ये अशा टाइलला आझुलेझू म्हणतात. आझूल म्हणजे निळा, म्हणून त्यावरून शब्द आला असेल असं मी बरोबरच्यांना ठामपणे सांगितलं होतं. तो आलाय अरबीतून, आणि तिथे त्याचा अर्थ घोटलेला दगड एवढाच. निळ्याचा काही संबंध नाही. ठामपणे सांगितलेल्या गोष्टींची माझी यादी बरीच लांब आहे.

तोडफोड सुरू झाली तेव्हा आईला मी बहिणीकडे पाठवणार होते. ती गेली नाही. दारात खुर्ची टाकून बसली. आकाशी टाइल्सच्या खपल्या निघत होत्या, गोण्यांतून राडारोडा खाली जात होता, आणि ती प्रत्येक गोणीकडे निरोप देताना बघावं तशी बघत होती. वास्तविक त्या टाइल्स तिच्या नव्हत्या, माझ्या होत्या.

प्लंबर म्हणाला, ‘‘नानी ट्रॅप नवा लागेल.’’ आईनं मान वर केली. जमिनीतून पाणी जिथे उतरतं त्या भांड्याचं खरं नाव न्हाणी ट्रॅप. इंग्रजीत लिहिलेल्या स्थापत्याच्या पुस्तकांतही ते त्याच नावानं छापतात. आपण न्हाणीचं बाथरूम केलं, मोरीचं वॉशिंग एरिया केलं, आणि तो शब्द जमिनीखाली पाइपात जाऊन राहिला. हार्डवेअरच्या दुकानात आता त्याची नानी झालीय. ‘‘मला पकडायला लावून राहिले का?’’ आईनं विचारलं. प्लंबरला विनोद कळला नाही. मला समजावून सांगायचा कंटाळा आला.

जमिनीला ढाळ देण्याचं काम मिस्त्रीनं स्वतःकडे ठेवलं, पोरांना हात लावू दिला नाही. सात फुटांत किती उतार, हे त्याच्या हातात होतं. लेव्हलची नळी नंतर, आधी उकिडवं बसून जमिनीच्या पातळीत डोळा. आधी वॉटरप्रूफिंग करून त्यात चोवीस तास पाणी तुंबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी खालच्या मजल्यावर छत बघायला गेले. तेरा वर्षांनी त्यांच्या घरात पाऊल टाकलं. छत कोरडं होतं. त्यांनी चहा विचारला. मी घेतला. टाइल्स बसल्यावर मिस्त्रीनं खिशातून गोटी काढून चारही कोपऱ्यांत एकेकदा ठेवली. चारही वेळा ती घरंगळत जाळीपाशी जाऊन थांबली. आईनं टाळ्या वाजवल्या.

‘‘निळ्यावर पाण्याचे डाग दिसतील हं ताई,’’ जाताना तो म्हणाला. ‘‘डार्कवर क्षार पांढरा उठतो. रोज वायपर मारा.’’ बेजवर? ‘‘त्याच्यावर काय दिसायचंय. तो रंगच डागाचा.’’ टाइल्सवर इतकं खरं बोलणारा माणूस मला दुकानात भेटला नव्हता.

न्हाणीघर तयार झालं त्याच आठवड्यात आईचा उजवा डोळा झाला. वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ काही दिवस नाही. एवढा खटाटोप करून नवं न्हाणीघर केलं, आणि त्यात आई गळ्याखालून दोन तांबे घेऊन बाहेर येणार!

काळा चष्मा लावून ती घरी आली. संध्याकाळी तो काढून तिनं खोलीभर बघितलं. पलंगपोस, माझे केस, फ्रिज. चेहरा नाराज.

‘‘काय झालं?’’

‘‘सगळ्याला नीळ जास्त झाली.’’

मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, होतं असं, काळजी नको. इतकी वर्षं अडलेला निळा एकदम आत येतो, मेंदूला सवय व्हायला दिवस लागतात. मी तिला तसं समजावलं. तिला समजावण्याची गरज नव्हती. ‘‘दोन पाण्यातून काढलं की बसेल,’’ ती म्हणाली.

पुढे वाचनात आलं की क्लोद मोनेचं हेच झालं होतं. १९२३ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि सगळं फार निळं दिसतं म्हणून त्यानं डॉक्टरांना पत्रांतून हैराण केलं. रंगीत काचांचे चष्मे लावून पाहिले. डावा डोळा त्यानं करूनच घेतला नाही. म्हणजे पुढची साडेतीन-चार वर्षं, मरेपर्यंत, त्याचा एक डोळा जुना होता आणि एक नवा. जिव्हर्नीच्या त्याच्या घरात जेवणाची खोली भडक पिवळी आणि लागूनच स्वयंपाकघर निळ्या टाइल्सचं आहे. एका खोलीतून दुसरीत जाताना तो कधी एक डोळा मिटून बघत असेल का, असा एक निरुद्योगी प्रश्न मला पडला.

तो पडला कारण आई ते करत होती. आधी माझ्या लक्षात आलं नाही. टीव्हीसमोर बसल्या बसल्या ती डावा तळहात डाव्या डोळ्यावर धरायची, मग उजवा उजव्यावर. जेवताना ताटाकडे बघत. भाताचे दोन रंग होते म्हणे. एका डोळ्याचा भात शिळा.

‘‘माझ्याकडे बघ,’’ मी म्हटलं.

तिनं उजवा डोळा झाकला. ‘‘अशी तू बरी दिसतेस.’’ मग डावा झाकला, नव्या डोळ्यानं पाहिलं, आणि काही बोलली नाही.

मी आरशासमोर जाऊन करून पाहिलं. डावा मिटला, उजवा मिटला. मला काहीच फरक दिसला नाही. दिसणार कसा? माझे दोन्ही डोळे अठ्ठावन्न वर्षांचे. जेवढा पिवळा चढलाय तेवढा दोन्हीत सारखाच चढला असणार. १९९३ साली मी निवडलेला आकाशी खरंच किती आकाशी होता, तो पाण्यानं किती गेला आणि माझ्या भिंगानं किती गेला, याचा हिशोब आता कोण करणार? मिस्त्रीलाही तो सिगारेटच्या पाकिटावर जमायचा नाही. शिवाय त्या टाइल्स गोण्यांत भरून गेल्या. दुकानात ज्या गडद निळ्यावर मी बोट ठेवलं तोसुद्धा माझ्या डोळ्यांतून गाळून आलेला निळा होता. तो मुळात कसा आहे हे आमच्या घरात एकाच डोळ्याला माहीत आहे, आणि तो माझा नाही.

डावा डोळा पुढच्या महिन्यात करायचा आहे. आई टाळाटाळ करते. आधी म्हणाली थंडीनंतर, मग म्हणाली सण होऊ दे. खोदून विचारलं तर म्हणते, घाई काय आहे, एकानं तर दिसून राहिलं.

डोक्यावरून आंघोळीची परवानगी मिळाली तो दिवस शनिवारचा. मी बादली भरून दिली, विसण घालून दिलं, स्टूल निळ्या भिंतीपाशी सरकवलं, दांडा हलवून पाहिला. आतली कडी आम्ही काढून टाकलीय, त्यामुळे दार नुसतं लोटलेलं असतं आणि मी बाहेर उभी असते, तिला कळणार नाही अशी. तिला कळतं. तांब्याचा आवाज आला. दुसरा आला. मग बराच वेळ काही नाही.

‘‘आई?’’

उत्तर नाही. दार ढकलायला हात पुढे केला.

‘‘आई, काय करून राहिली आत?’’ पुण्यात चौतीस वर्षं काढून माझ्या तोंडून नागपूर कधी निघेल याचा नेम नसतो.

‘‘थांब जरा,’’ आतून आवाज आला. ‘‘भिंत भिजवून राहिली.’’

आणि तिसरा तांब्या भिंतीवर गेला.